शेतकरी ठिबक का घेतो?

प्रोजेक्ट प्रदर्शन आलं की आपल्या कॉलेजात शेतकऱ्याचं भलं करणारे चार-पाच प्रोजेक्ट हमखास असतात. मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर, त्याला मायक्रोकंट्रोलर, मोटार आपोआप चालू-बंद आणि मागे थर्माकोलवर 'पाणी वाचवा, पर्यावरण वाचवा'. मीही त्या थर्माकोलपुढे उभा राहिलोय, तेव्हा ही टीका आधी माझ्यावरच आहे. परीक्षकांनी विचारलं, "शेतकरी हे का घेईल?" आम्ही चौघं एका सुरात म्हणालो, "पाणी वाचतं सर!" मार्क बरे मिळाले.

सुट्टीत तेच मॉडेल गावी नेऊन वडिलांना दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बिघडलं तर कोण येणार?"

आता वडील काही नव्याला नाक मुरडणारे नाहीत. आमच्या रानात ठिबक माझ्या शाळेच्या दिवसांपासून आहे. पण ते पर्यावरणासाठी घेतलं नव्हतं, झोपेसाठी घेतलं होतं! शेतीची वीज पाळीने यायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की ऐन थंडीत बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. पायाखाली चिखल, आणि चिखलात काय असेल ते देव जाणे. ठिबक आल्यावर व्हॉल्व्ह संध्याकाळीच उघडून ठेवायचा. वीज आली की ऑटोस्विचवर मोटार चालू होते, माणूस घरात झोपलेला असतो. आईचं कारण वेगळं. पाणी फक्त मुळाशी पडतं, मधल्या पट्ट्यात तण कमी, म्हणजे खुरपणीला बायका शोधत फिरणं कमी. विद्राव्य खत पाण्यातूनच जातं, तो आणखी एक फायदा. पाणी वाचतं हे या यादीत बरंच खाली येतं.

जळगावकडे केळीत ठिबक रुजलं तेही टिश्यूकल्चर रोपांच्या जोडीने. घड मोठे आले, बाग एकदम कापणीला आली, हातात पैसा दिसला. शेजाऱ्याने बांधावरून ते पाहिलं. शेतकऱ्याला पटवायला बांधावरून दिसणारं पीक पुरतं, भाषण लागत नाही.

मग अनुदान? ते लागतंच. केंद्राच्या योजनेत ठिबकला अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के आहे, वर राज्याचं पूरक अनुदान. पण पैसे आधी आपण भरायचे आणि अनुदान मागून यायचं, यात लहान शेतकऱ्याचा दम निघतो. शिवाय अनुदानाने संच रानात येतो, तो रानात टिकवणं ही निराळी गोष्ट. आमच्या शेजारच्या काकांच्या नळ्या दोन हंगामांत गुंडाळून बांधावर पडल्या. विहिरीचं पाणी क्षाराचं. फिल्टर कधी उघडायचा, आम्लाचं पाणी किती सोडायचं, हे विकणाऱ्याने एकदाही येऊन दाखवलं नाही. ड्रीपर तुंबले, निम्मा ऊस वाळला. 'ठिबक काही कामाचं नाही' हे मग गावातल्या दहा घरांनी परस्पर ठरवून टाकलं.

आणखी एक गोष्ट आपण प्रदर्शनात सांगत नाही. ठिबकने आमचं पाणी वाचलं, आणि वाचलेल्या पाण्यावर वडिलांनी एकरभर ऊस वाढवला. विहीर होती तिथेच! त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही, माझी मेसची फी त्याच उसातून येते. पण पाणी खरंच जमिनीत राहायला हवं असेल, तर यंत्राबरोबर गावाचा नियमही लागतो. हिवरे बाजारने तो केला. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळे एकट्याने नुकसान सोसायचा प्रश्न राहिला नाही. हे कुठल्याही मायक्रोकंट्रोलरला जमणार नाही. (इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी रागावू नये.)

असो. वडिलांच्या प्रश्नानंतर आम्ही सेन्सर काढून टाकला. आता फिल्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन प्रेशर गेज लावतोय. दोन्ही काट्यांत ठराविक अंतर पडलं की फिल्टर तुंबला, उघडून धुवायचा. फिल्टरचं झाकण पान्याशिवाय, नुसत्या हाताने उघडावं म्हणून वर्कशॉपमध्ये खटपट चालू आहे. गेज बिघडला तर तालुक्याच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळतो, हे आधी विचारून आलोय. मॉडेल दिसायला फारच साधं आहे, एक एलईडीसुद्धा लुकलुकत नाही, त्यामुळे यंदा बक्षिसाची आशा नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत ते काकांच्या रानात बसवून बघणार आहे. त्यांच्या नळ्या अजून बांधावर तशाच पडल्या आहेत.