पाच हजारांत बाळंतपण?

28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितले होते, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारनेच उचलला पाहिजे. 1929 साली कायदा झाला, पण तो कारखान्यातील स्त्रियांपुरता. शेतात राबणारी बाई बाहेरच राहिली.

ती आजही बाहेरच आहे. दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही शिवारात जा. कमरेला ओटी बांधून, पोट सांभाळत, दिवस भरत आलेली बाई कापूस वेचताना दिसेल. वेचणीची मजुरी किलोवर. वेचले नाही त्या दिवशी रोजी नाही.

याच जिल्ह्यात वणीला कोळसा खाणी आहेत. तिथे कायम नोकरीतल्या बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. ती असलीच पाहिजे. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात मजूरमंत्री या नात्याने 1943 साली दुरुस्ती आणणारे बाबासाहेबच होते. पण खाणीच्या कुंपणापलीकडे वावरात राबणाऱ्या आमच्या मायबहिणीला काय? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5 हजार, तेही दोन हप्त्यांत. 26 आठवड्यांवर वाटले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपयेही भरत नाहीत! दुसऱ्या खेपेला 6 हजार, पण मुलगी झाली तरच. मुलगा झाला तर एक छदाम नाही. नोकरदार बाईला रजा देताना मुलगा की मुलगी, हे कोणी विचारते काय? मग मजूर बाईलाच ही अट का?

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेला किमान 6 हजारांचा हक्क दिला. योजना यायला 2017 उजाडले, आणि आले ते 5 हजार. उरलेले हजार जननी सुरक्षा योजनेतून भरून निघतात, असा सरकारचा हिशेब. आपल्या राज्यात खेड्यातल्या बाईला त्या योजनेतून साध्या बाळंतपणाला मिळतात 700 रुपये. बेरीज 5,700. कायद्याने सांगितलेला आकडासुद्धा गाठता येत नाही. तिकडे तामिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत रोख आणि पोषण संच मिळून 18 हजार देतात. तिथे जमते ते महाराष्ट्राला का जमत नाही?

शिवाय कागदांचा खेळ आहेच. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे. खाते जोडलेले नाही, हप्ता अडला. झरी-मारेगावकडच्या कोलाम पोडावरून बाळंतिणीने तालुक्याला किती खेपा घालायच्या?

सरकारला जाब विचारताना आम्हाला आमच्याही शाखांना विचारायचे आहे. जयंतीची वर्गणी आपण घरोघरी फिरून गोळा करतो. तेवढ्याच घरांत फिरून किती गरोदर भगिनींचे अर्ज आपण भरून दिले? यंदा वर्गणीच्या वहीत आणखी एक रकाना पाडा : घरात गरोदर कोण, अर्ज झाला की नाही, हप्ता कुठे अडला. ती यादी घेऊन तालुक्याच्या कार्यालयात जा, पोच घ्या. आणि मागणी 5 हजारांची करू नका. 26 आठवड्यांच्या किमान वेतनाची करा.