विचारा तर खरं! : दादाचा रेनकोट

दोस्तांनो, या वेळचं पत्र रत्नागिरीहून आलंय. लिहिणारी सातवीत आहे. ती म्हणते, ‘काका, माझा दादा मत्स्यशास्त्र शिकायला नॉर्वेत त्रोम्सोला गेलाय. फेब्रुवारीत त्याला लोफोटेन बेटांवर मासेमारीच्या बोटीवर जायचंय. आई म्हणते, इथून एक चांगला जाड रेनकोट पाठवू. दादा म्हणतो, तिकडे बर्फ पडतो गं आई, रेनकोट कशाला? स्वेटर पुरे. दोघांचं फोनवर रोज भांडण चाललंय. कोण बरोबर?’

आई बरोबर. फक्त तो रेनकोट इथून पाठवू नका म्हणावं. का, ते सांगतो. पण त्याआधी नकाशा उघडा बघू.

लोफोटेन सापडलं? नॉर्वेच्या डोक्याकडे, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, साधारण ६८ अंश उत्तरेला. इतक्या उत्तरेला समुद्राचा दगड व्हायला हवा ना? होत नाही. अटलांटिक महासागरातून एक कोमट पाण्याचा प्रवाह थेट या किनाऱ्यापर्यंत येतो, म्हणून इथलं पाणी भर हिवाळ्यातही गोठत नाही. जानेवारी ते एप्रिलमध्ये बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला इथे येतो आणि त्याच्या मागोमाग बोटी येतात. वायकिंग लोकांच्या काळापासून हे चालू आहे. हवा मात्र शून्य अंशाच्या आसपास घुटमळत असते. त्यामुळे सकाळी बर्फ, दुपारी पाऊस, संध्याकाळी दोन्हींची खिचडी! आणि वर काही पडत नसलं तरी लाटांचे फवारे अंगावर असतातच.

आता गंमत अशी, की उणे दहा अंशातल्या कोरड्या बर्फापेक्षा दोन अंशातला पाऊस वाईट. ऐकायला उलटं वाटतं, पण विचार करा. कोरडा बर्फ कपड्यावर पडला तर झटकून टाकता येतो. पाऊस झटकता येत नाही, तो मुरतो. स्वेटर आपल्याला ऊब देतो तो लोकरीमुळे कमी आणि लोकरीच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे जास्त. हवा ही उष्णतेची भारी आळशी वाहक आहे. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की संपलं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं उष्णता पळवतं. वर वारा सुटला की ओलं कापड वाळू लागतं, आणि वाळताना आणखी गार होतं. आपल्या माठातलं पाणी गार होतं ना, अगदी तसंच. म्हणजे दादा नुसता स्वेटर घालून बोटीवर गेला, तर तो चालता-बोलता माठ होणार!

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, बरं का. आपल्या शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली घसरलं की माणूस कुडकुडायला लागलेला असतो, बोटांना गाठ सोडवता येत नाही, जीभ अडखळते. सगळ्यात वाईट म्हणजे डोकं मंद चालतं. गारठलेला माणूस चुका करतो आणि आपण चुकतोय हेच त्याला कळत नाही. बोटीवर दोर, गळ, फिरती यंत्रं आणि निसरडं लाकूड. तिथे चूक म्हणजे काय, ते रत्नागिरीच्या मुलांना मी सांगायला नको.

मग आपला शाळेचा रेनकोट का नको? तुम्ही कधी रेनकोट घालून सायकल दामटत शाळेत गेलाय? बाहेरून एक थेंब आत नाही, पण शाळेत पोहोचून रेनकोट काढावा तर शर्ट ओलाचिंब. तो पाऊस नव्हे, तुमचाच घाम. आपल्याकडे त्याचं काही वाटत नाही. पंख्याखाली बसलं की झालं. पण दादा तासभर जाळं ओढणार, घामाघूम होणार, मग थांबणार. थांबला की तो घाम बर्फासारखा गार पडणार. म्हणजे पाणी दोन बाजूंनी चाल करून येतं, एक आभाळातून आणि एक स्वतःच्या अंगातून.

या दुहेरी चालीवर माणसानं काय काय शोधून काढलंय ते ऐकण्यासारखं आहे. अलास्काजवळ अल्यूशियन नावाची बेटांची माळ आहे. तिथले उनांगन लोक समुद्रसिंहाच्या आतड्यांचे अंगरखे शिवत. ई, म्हणू नका! आतडं स्वच्छ करून, फुगवून, वाळवून त्याची लांब पट्टी काढायची आणि अशा पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. अंगरखा कागदासारखा हलका आणि अर्धपारदर्शक दिसे. शिवायला प्राण्याच्या स्नायूचा धागा. तो भिजला की फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बुजतं. अंगरख्याचा खालचा घेर होडीच्या तोंडाला बांधून टाकायचा, म्हणजे लाट आली तरी ना माणूस भिजे, ना होडीत पाणी शिरे.

नॉर्वेची गोष्ट तर आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी. १८७७ साली हेली युएल हान्सेन नावाच्या एका जहाजाच्या कप्तानानं, वादळात भिजून वैतागल्यावर, बायकोच्या मदतीनं जाड्याभरड्या तागासारख्या कापडाला तेल पाजून कपडे बनवायला सुरुवात केली. तेल कुठलं? जवसाचं! हो, ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि त्याचा चिवट पापुद्रा तयार होतो. हेच ते कोळ्यांचे पिवळे ऑइलस्किन कपडे. गोष्टींच्या पुस्तकातला खलाशी नेहमी पिवळ्या कोटात असतो, तो रंग मुळात या तेलाचा. (मोठ्यांसाठी एक सूचना : जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते आणि ढीग आपोआप पेटू शकतो.)

त्याआधी १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाहिला होता. कल्पना झकास, पण उन्हाळ्यात तो कोट चिकटे आणि थंडीत पुठ्ठ्यासारखा कडक होई. शिवाय शिंप्याची सुई जिथे जाई, तिथून पाणी आत. हे सुईचं भोक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि १९६९ साली अमेरिकेत बॉब गोअरनं टेफ्लॉनची गरम कांडी हळूहळू ताणण्याऐवजी झटक्यानं ओढली. ती तुटली नाही, लांबच लांब झाली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडली. पाण्याचा थेंब त्या छिद्रातून जाऊ शकत नाही, पण घामाची वाफ जाते. उनांगन लोकांच्या आतड्याचं काम आता कारखान्यात होऊ लागलं.

‘मग काका, दादानं हेच घ्यावं ना?’ थांबा, इथेच लोक फसतात. दुकानात सगळ्यात महाग जाकीट हेच असतं आणि महाग म्हणजे उत्तम असं आपल्याला वाटतं. नदीकाठी गळ टाकून उभं राहणाऱ्याला, दोन-तीन मैल चालत जाणाऱ्याला ते खरंच उत्तम. पण मासळी बोटीच्या डेकवर? तिथे माशाचं तेल, चिकट बुळबुळ, खवले आणि मीठ असतं. ते बाहेरच्या कापडावर बसलं की कापड पाणी झटकायचं सोडून पाणी प्यायला लागतं, आणि बाहेर पाण्याचा थर साचला की आतली वाफ जाणार कुठे? शिवाय एखादा गळ अडकला तर इतक्या महागाच्या जाकिटाला भोक. म्हणून डेकवर राबणारी माणसं आजही जाड, प्लास्टिकचा थर दिलेले कपडे घालतात. त्यातून वाफ जात नाही हे खरं, पण ते फाटत नाहीत आणि दिवसाच्या शेवटी पाण्याच्या पाइपानं धुऊन टांगता येतात. घामाचा बंदोबस्त ते आतल्या लोकरीवर सोपवतात. आतून लोकरीचा बनियन, त्यावर लोकरीचा स्वेटर. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पिऊनही कोरडी वाटते. सुती बनियन मात्र अजिबात नको. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं.

काम बघून कपडा, ही गोष्ट आपल्या कोकणातल्या आजीला कुणी शिकवावी लागली नाही. भात लावताना डोक्यावरून पाठीवर घेतात ते इरलं आठवा. अंगाला चिकटत नाही, खालून मोकळं, वारा खेळता. वाकून काम करणाऱ्याची पाठ कोरडी राहते आणि घामाचा प्रश्नच नाही. तेच इरलं घेऊन बोटीवर उभं राहिलं तर पहिल्याच वाऱ्यात पतंग!

तेव्हा दादाला कळव, कपडे तिथेच, बंदरावरच्या दुकानात घे. कोळी जिथे घेतात तिथे. आधी पँट बघ, कोट नंतर. कमरेपर्यंतची नको, छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली डांगरी हवी. वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही. (‘डांगरी’ हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्या मुंबईच्या डोंगरीतून. तिथल्या जाड्याभरड्या कापडाचं ते नाव.) पँटचे पाय गमबुटाच्या बाहेरून यायला हवेत. आत खोचले तर बूट म्हणजे बादली.

मग शिवण. कपडा उलटा करून बघायचा. मॅकिंटॉशच्या कोटाची खोड इथे सापडते. जाड प्लास्टिकच्या कपड्याचे तुकडे उष्णतेनं वितळवून जोडलेले असले तर उत्तम. शिवलेले असतील तर आतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी, बगलेत आणि मांड्यांच्या सांध्यातसुद्धा. दुकानदार म्हणेल, ‘दहा हजार मिलिमीटरचं कापड आहे!’ याचा अर्थ असा : कापडावर उभी नळी धरून तिच्यात पाणी भरत गेलं, तर १० मीटर उंच पाण्याचा दाब होईपर्यंत ते झिरपत नाही. तीन मजली घराएवढी उंची झाली! ऐकून छाती दडपते. पण शिवण उघडी असेल तर त्या दहा हजाराला काही अर्थ नाही.

बाहीचं टोक हाताच्या मापाचं घट्ट हवं, किंवा आत आणखी एक घट्ट रबरी मनगट हवं. जाळं ओढताना हात वर जातात आणि पाणी सरळ कोपरापर्यंत घरंगळतं. हूड घालून मान डावी-उजवीकडे वळवून बघायची. मान वळली आणि हूड तिथेच राहिलं, तर बाजूनं येणारी लाट दिसणार नाही. कोट एक माप मोठा घ्यावा, आत दोन स्वेटर मावतात का ते तिथेच घालून बघावं. लाजू नये. हवेचा थर चेपला गेला तर ऊब गेलीच. थंडीत काही प्लास्टिक पत्र्यासारखं कडक होतं, म्हणून दुकानाच्या दाराबाहेर जाऊन कोपर वाकवून पाहावं. रंग भगवा किंवा पिवळा. निळा कितीही छान दिसला तरी नको. समुद्रात निळा माणूस शोधायचा कसा?

हातमोज्यांची एक युक्ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आइसलँडचे जुने कोळी लोकरीचे हातमोजे घालत, त्यांना अंगठे दोन असत! एका बाजूची लोकर दोर ओढून झिजली की मोजा फिरवायचा आणि दुसरा अंगठा वापरायचा.

आणि आईसाठी मुद्दाम एक गोष्ट. पावसाळी कपडा कितीही चांगला असला तरी तो माणसाला तरंगवत नाही. लाइफ जॅकेट वेगळं, आणि डेकवर पाऊल ठेवण्याआधी घालायचं. लोक म्हणतात, बूट आणि कोट पाण्यानं भरले की माणसाला तळाशी ओढतात. तसं नाही. पाण्यात असताना आतल्या पाण्याचं वजन जाणवत नाही, ते वर चढताना जाणवतं. खरा शत्रू गारठा. अशा पाण्यात पडलं की पहिलं साधारण मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते, आणि त्याच वेळी तोंडात पाणी गेलं तर घात होतो. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते जेमतेम दहा मिनिटं. लाइफ जॅकेट असलं की तेवढं पहिलं मिनिट डोकं पाण्यावर राहतं. दादाला हे फोनवर आईनंच सांगावं. आपण सांगितलं तर तो ‘हो हो’ म्हणेल.

आता तुमच्यासाठी प्रयोग. घरातल्या फाटक्या रेनकोटचा एक तुकडा घ्या (फाटक्या म्हटलंय, नीट वाचा), आणि एक जुन्या सुती चादरीचा. दोन स्टीलचे पेले घ्या. आई किंवा बाबांकडून त्यांत अर्ध्यापर्यंत गरम पाणी ओतून घ्या. एकावर रेनकोट, दुसऱ्यावर चादर, रबरबँडनं ताणून बसवा. दोन वाट्या फ्रीजमध्ये गार करून ठेवलेल्या असू द्यात. त्या पुसून एकेका पेल्यावर पालथ्या घाला आणि पाच मिनिटांनी आतून बोट फिरवून बघा. कुठली वाटी ओली, कुठली कोरडी? मग रेनकोटचा तुकडा सोडवून त्याची खालची बाजूही बघा. काय दिसलं ते पत्रानं कळवा, आणि पत्रावर इयत्ता लिहायला विसरू नका.