सायकलीचा नंबर कुणाच्या वहीत?

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका वाचक बाईंचा या आठवड्यात फोन आला. त्यांच्या मुलीची सायकल सोसायटीच्या पार्किंगमधून चोरीला गेली आणि चारच दिवसांत जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर विक्रीला दिसली. हँडलला गुंडाळलेली निळी टेप, मडगार्डला आलेला पोचा, फाटकं सीट, सगळं फोटोत स्वच्छ दिसत होतं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "बिल आहे का?" बिल नव्हतं. जुनी सायकल म्हणून किंमत चार हजार लिहिली गेली, एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली आणि वर सल्ला मिळाला, "गिऱ्हाईक म्हणून त्याला बोलावून घ्या, मग आम्हाला कळवा." त्याच रात्री जाहिरात उतरली.

या सल्ल्याचा मला संताप आला. चोराला, किंवा चोराचा माल खपवणाऱ्याला, एका आईने एकटीने गाठायचं? मग पोलिसांनी काय करायचं?

चार हजार या आकड्याकडे नीट बघा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. तेव्हापासून पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र धरली जाते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासच करता येत नाही. म्हणजे किमतीच्या रकान्यात कुणीतरी घाईने लिहिलेला आकडा सगळं प्रकरण मिटवून टाकतो. पक्क्या पावतीबद्दल मी इथे पुन्हा पुन्हा लिहितो, त्याचा काहींना कंटाळा आला असेल. पण त्या बाईंच्या हातात पावती असती, तर त्या आकड्यावर त्यांना निदान भांडता आलं असतं.

आता याच घरातून मोबाइल चोरीला गेला असता तर? प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय नंबर असतो. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तक्रार नोंदवली की तो फोन देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद होतो, आणि कुणी त्यात सिम घातलं की त्याचा माग लागतो. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलेल्या आकड्यांनुसार २६ लाख फोनचा माग लागला आणि ७ लाख २३ हजार मालकांच्या हाती परत गेले. या दोन आकड्यांमधलं अंतर मोठं आहे आणि ते मला बोचतं. ठावठिकाणा कळूनही फोन परत येत नसेल, तर तिथे माणसं कमी पडतात. तरीही फोनवाल्याला "तुमचाच कशावरून?" हे सिद्ध करायला साक्षीदार शोधावे लागत नाहीत. नंबर बोलतो.

सायकलीलाही नंबर असतो. बहुतेक सायकलींच्या फ्रेमवर, पेडलचा दांडा जिथून आरपार जातो त्या जागेखाली, तो ठोकलेला असतो. फक्त तो कुणाच्याच वहीत नसतो. पूर्वी आपल्या अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि नंबराचा पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसला की सायकल जप्त होई. तो कर गोरगरिबांना जाचक होता आणि तो गेला हे बरंच झालं. पण कराबरोबर नोंदवहीही गेली, आणि तिची जागा कशानेच भरली नाही. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलीची पोलीस नोंदणी बंधनकारक आहे, फ्रेमवर तसा स्टिकर असतो. नेदरलँड्समध्ये जुनी वस्तू घेण्याआधी तिचा नंबर चोरीच्या यादीत आहे का, हे पोलिसांच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतं. सायकलीचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्याला हे जमू नये?

अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्या म्हणतात, आम्ही फक्त मध्यस्थ. ठीक. पण २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अधिकृत तपास यंत्रणेने लेखी मागणी केली, तर त्यांना ७२ तासांच्या आत माहिती द्यावीच लागते. एक पत्र पुरलं असतं, आणि एनसीमुळे ते पत्रच निघालं नाही. शिवाय सायकल विकायला काढणाऱ्याने फ्रेम नंबर टाकलाच पाहिजे, एवढा एक सक्तीचा रकाना ठेवायला या कंपन्यांना काय अडचण आहे? तो ठेवला तर चोरीच्या मालाच्या निम्म्या जाहिराती दुसऱ्या दिवशी उतरतील, अशी माझी खात्री आहे.

विकत घेणाऱ्यांनीही ऐकावं. चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी घेणाऱ्याकडे येत नाही, मग पैसे पूर्ण मोजलेले असोत. आणि माल चोरीचा असल्याचं ओळखूनही घेतला, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "बिल हरवलंय, अर्जंट विकायची आहे" असं लिहिलेली निम्म्या किमतीची सायकल मुलांसाठी घेऊ नका.

आज घरातली सायकल उलटी करा, नंबराचा फोटो काढा, तो बिलावर लिहून ठेवा. चोरीची वस्तू विक्रीला दिसली तर विकणाऱ्याला मेसेज करू नका, भेटायला तर मुळीच जाऊ नका. आधी जाहिरातीचे आणि विकणाऱ्याच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या, लिंक जपून ठेवा, मग ठाण्यात जा. एनसीवर बोळवण केली तर दंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करा. कोथरूडच्या बाई येत्या सोमवारी तो अर्ज देणार आहेत.