काय भाव देऊ?



२०२० सालच्या टाळेबंदीच्या कहाण्या पुष्कळ सांगून झाल्या. शहरातल्या रांगा, बंद पडलेल्या गाड्या, पायी गावाकडे निघालेले मजूर, सगळ्यांनी पाहिले. त्या काळात शेतकऱ्याला काय समजले, याचा हिशेब मात्र आपल्या बैठकीत मांडायचा राहून गेला. त्या हिशेबातली एक नोंद आमच्याकडे आहे. ती आमच्या फजितीची आहे. तरी ती इथे सांगतो, कारण ही फजिती आमच्या एकट्याची नाही.

त्या वर्षी होळी करून आम्ही उभयता पुण्याला, कोथरूडमध्ये मुलाकडे गेलो. सुनेचे दिवस भरत आले होते. सोबत दरवर्षीप्रमाणे घरच्या ज्वारीचा ५० किलोचा कट्टा नेला. गावी, परभणीकडे, पुढच्या खोलीत १५ क्विंटल कापूस पडून होता. पाडव्याला परत येऊ, तोवर भाव जरा सुधारला तर काढू, असा बेत. राज्यातले पहिले रोगी ९ मार्चला पुण्यातच सापडले. पण विमानाने आलेल्यांचे दुखणे, आपल्याला काय त्याचे, असे तेव्हा वाटे. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, सायंकाळी थाळ्या वाजल्या. २४ तारखेच्या रात्री २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशीची पाडव्याची गुढी कोथरूडच्या गॅलरीत उभी राहिली आणि आम्ही तिथेच अडकलो.

मुलाचे घर भुसारी कॉलनीच्या बाजूला. नाव भुसारी, पण आठ दिवसांत भुसार मिळण्याची पंचाईत झाली. किराणा दुकानासमोर चुन्याने गोल आखलेले. एका गोलात एक माणूस. गावात रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून सावलीला बसता येते, इथे ती सोय नव्हती. डोक्यावर ऊन घेऊन स्वतःच उभे राहायचे. तासाभराने नंबर लागावा तर पोहे संपलेले, रवा संपलेला, कणीक माणशी दोनच किलो. एप्रिलात तर काही दिवस दुकाने सकाळी दोन तासच उघडी. घरी आले की दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची, सुट्या नोटा गॅलरीत उन्हाला टाकायच्या. आम्ही जन्मभर मिरच्या वाळवल्या, कुरडया वाळवल्या. नोटा वाळत घातलेल्या तेव्हाच पाहिल्या.

दुकानदाराला आम्ही दोष देणार नाही. त्याची दोन पोरे गावी निघून गेली होती. तो आणि त्याची बायको पहाटेपासून पुड्या बांधत. माल येईल त्या दिवशी येई. त्याने दुकान उघडे ठेवले म्हणून त्या गल्लीत चुली पेटल्या. शेतकऱ्याचे आणि किराणावाल्याचे वैर आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या दिवसांत त्या गोलात उभे राहायला हवे होते.

आमच्या घरात ज्वारी होती, पण कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बंद. गिरणीवाला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत आला, तेव्हा आमच्या घरी भाकरीचा वास दरवळला आणि जिन्यात चौकशी सुरू झाली. समोरच्या घरातल्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. तोंडाला फडके बांधून दारात आल्या आणि आमच्या मंडळींना म्हणाल्या, "काकू, घरची ज्वारी आहे म्हणे. पाच किलो मिळेल का?" मंडळींनी मापाने काढून दिली. तेव्हा त्या आमच्याकडे वळल्या, "काका, काय भाव देऊ?"

भावांनो, आम्ही गप्प झालो. चाळीस वर्षे शेती केली. बाजारात माल नेला, ढीग घातला, व्यापाऱ्याने मूठ भरून पाहिली, बोली झाली, हातात पट्टी पडली. हमाली कापली, तोलाई कापली, उरले ते घेऊन घरी आलो. भाव काय मिळाला, हे आम्ही हजार वेळा विचारले. भाव काय देऊ, असे आम्हाला त्या दिवसापर्यंत कोणी विचारले नव्हते. आणि विचारले तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. "शेजाऱ्याकडून काय पैसे घ्यायचे," असे म्हणून आम्ही सुटका करून घेतली. बाई ऐकेनात. दुकानात ज्या भावाने मिळते त्या भावाने पैसे ठेवून गेल्या. खळ्यावरून आम्ही ज्या भावाने ज्वारी काढली होती, त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम झाली.

रात्री झोप लागली नाही. आम्ही शेजारधर्म पाळला, असे मनाला समजावत होतो. खरे कारण ते नव्हते. एक क्विंटल ज्वारी पिकवायला आम्हाला किती खर्च येतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. नांगरट, पेरणी, काढणी, मळणीचे पैसे तोंडपाठ होते. घरच्या दोन माणसांची मजुरी, बैलांची वैरण, जमिनीचा खंड, गुंतलेल्या पैशांचे व्याज हे कधी मांडलेच नव्हते. उत्पादन खर्चाच्या घोषणा आम्हीही दिल्या. वही मात्र कोरी राहिली.

त्याच महिन्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला भाजीबाजार बंद ठेवावा लागला. आता शहर उपाशी मरणार, असे लोक म्हणत होते. शहर मेले नाही. पौड रस्त्याने मुळशीकडचे टेम्पो येऊ लागले. सोसायटीच्या फाटकाशी तरणी पोरे उभी राहत. पाच भाज्यांची पिशवी, ठरलेला भाव, पैसे फोनवरून. कालपर्यंत ज्या फाटकावरून राखणदार भाजीवाल्याला हाकलत असे, तोच आता टेम्पोची वाट पाही. सरकारी अधिकारीच गटांना परवाने काढून देत होते. फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून २०१६ सालीच मोकळा झाला होता, म्हणून हे इतक्या चटकन जमले. भाजी पिकवणारा आणि भाजी खाणारा यांच्यातले दार उघडायला एक आठवडा पुरला. मग इतकी वर्षे ते लागलेले कशासाठी होते?

आता दुसरे दार पाहा. गावी कापूस घरातच होता. भाऊ फोनवर सांगे, पोरांच्या अंगाला खाज सुटली आहे, निजायला जागा नाही. खरेदी थांबलेली, जिनिंग बंद. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव होता ५,५५० रुपये. एप्रिलअखेरीस खरेदी पुन्हा सुरू झाली ती नोंदणी, टोकन आणि दिवसाला ठरावीकच गाड्या अशी. दारावर आलेला व्यापारी चार हजारांच्या पुढे सरकेना. मृगाची पेरणी तोंडावर, बियाण्याच्या बॅगांना पैसे नाहीत. आणि इकडे कोथरूडमध्ये घरोघर सुती कापडाचे मास्क शिवत होते. केंद्र सरकारने १३ मार्चलाच मास्क जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले. कापूस पिकवणाऱ्याचे जीवन कोणत्याच यादीत नव्हते.

मेच्या शेवटी परवाना मिळवून नातवाचे तोंड पाहून आम्ही परतलो. निम्मा कापूस दारावरच गेला, उरलेला टोकनवर. १४ ते २३ जुलै पुण्यात पुन्हा कडक टाळेबंदी झाली, पहिले पाच दिवस दूध आणि औषधांखेरीज सगळे बंद. पण तोवर शहर शहाणे झाले होते. मुलाने आधीच भरून ठेवले.

शहाणे झाले नाही ते सरकार. ५ जून २०२० ला केंद्राने वटहुकूम काढले. शेतमालाच्या व्यापाराची बंधने सैल करू, साठ्यावरची मर्यादा एरवी लावणार नाही, असे सांगितले. त्या कायद्यांबद्दल शेतकऱ्यांतच दोन मते होती, २०२१ च्या अखेरीस ते मागे घेतले गेले. तो वाद इथे उकरत नाही. पण शब्द किती दिवस टिकला ते पाहा. १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद. ऑक्टोबरात कांद्याच्या साठ्यावर मर्यादा, घाऊकला २५ टन, किरकोळला २ टन. शहराची अडचण असते तेव्हा दार उघडते. शेतकऱ्याला दोन पैसे दिसू लागले की तेच दार लागते. शहराची टाळेबंदी काही महिन्यांत उठली, आपली अजून उठलेली नाही.

कोणी म्हणेल, फाटकाशी पिशव्या विकून कोरडवाहू शेतकरी तरणार आहे काय? नाही तरणार. कापूस काही किलोकिलोने सोसायटीत विकता येत नाही, त्याला जिनिंग लागते, मोठा गिऱ्हाईक लागतो. भाजीच्या टेम्पोंपैकीही बरेच पुढच्या वर्षी दिसेनासे झाले, कारण रोज पहाटे माल निवडून शहरात नेणे हा स्वतंत्र धंदा आहे, तो सगळ्यांना झेपत नाही. व्यापाऱ्याच्या कामाचेही मोल असते. पण ज्वारी टिकते. निवडून, दहा-दहा किलोच्या पिशव्या भरून, पाच-सात जणांनी मिळून एक गाडी पाठवणे अशक्य नाही. लगेच विकायची नसेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे, ज्वारी तिच्यात बसते. हे सगळे पुढचे. आधी आपली किंमत आपल्याला माहीत हवी. गिऱ्हाईक दारात उभे राहून विचारते आणि मालकाची वाचा बसते, अशा मालकाला सरकार तरी काय भाव देणार?

म्हणून या बैठकीला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. एका बाजूला क्विंटलभर ज्वारीचा खर्च, दुसऱ्या बाजूला क्विंटलभर कापसाचा. घरच्या बाईची वेचणी धरा, रात्रीची राखण धरा, व्याज धरा. बायकांनाही सोबत आणा. निंदणीचे आणि वेचणीचे दिवस त्यांना आपल्यापेक्षा नेमके आठवतात. आमचा कागद आम्ही आणतो आहोत.

कोथरूडच्या त्या बाई अजून दिवाळीला ज्वारी मागवतात. आता त्यांनी भाव विचारला की आम्ही गप्प होत नाही.