विश्लेषण : मासेमारीबंदी – दर्याचं पंचांग की सरकारी तारीख?

नारळी पौर्णिमा म्हणजे फक्त कोळीवाड्यातली मिरवणूक आणि नारळीभात नव्हे. दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा किनाऱ्याचा स्वतःचा नियम होता. खवळलेला समुद्र हे त्याचं एक कारण, माशांच्या विणीचे दिवस हे दुसरं. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला 1981 मध्ये. नियम त्याच्या कितीतरी आधीचा.

तारीख कशी सरकली?

राज्यात पूर्वी 10 जूनपासून 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत बंदी असे. 2015 मध्ये केंद्राने साऱ्या पश्चिम किनाऱ्यासाठी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची एकच मुदत आखली. हेतू वाजवी होता. एका राज्याच्या बोटी किनाऱ्याला आणि शेजारच्यांच्या समुद्रात, हा तंटा जुनाच. पण पंचांगाशी असलेली गाठ सुटली. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला आली. 61 दिवसांची मुदत महिनाभर आधीच संपली होती.

फायदा कुणाचा?

ऑगस्टच्या सुरुवातीचा समुद्र झेपतो मोठ्या इंजिनाच्या ट्रॉलरला. वल्ह्या-शिडाच्या होडीला कागदावर बंदीच नाही, पण त्या उधाणात ती घालणार कोण? म्हणजे लहान मच्छीमार निघेपर्यंत पहिला घास दुसऱ्याने घेतलेला असतो. आणि त्या घासात वाढ न झालेली पिल्लंही येतात. याच 2023 मध्ये पापलेट 'राज्य मासा' झाला. मान मिळाला; वाढायला आणखी पंधरा दिवस मिळाले असते तर त्याला अधिक बरं वाटलं असतं!

म्हणून पौर्णिमा लवकर आली तरी 15 ऑगस्टपर्यंत आणि उशिरा आली तर पौर्णिमेपर्यंत बंदी हवी, तीही दरवर्षीच्या आदेशावर न सोडता कायद्यातच. साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर एकाच वेळी, नाहीतर जुना तंटा पुन्हा उभा राहील.

अडचण खरी आहे ती पोटाची. खलाशांची उचल आणि बोटीच्या कर्जाचं व्याज थांबत नाही. बंदीकाळासाठीच्या बचत-साहाय्य योजनेत सरकार 3000 रुपये देतं आणि मच्छीमार स्वतःचे 1500 घालतो. तीन महिन्यांत विभागले तर महिन्याला 1500. बंदीचे दिवस वाढवायचे, तर आधी हा आकडा बदलावा लागेल.