‘राजी’ आधी कुणाला मिळाली?

गांधी चमनच्या बाजूला चहा पिताना कॉलेजची पोरं हिरिरीने वाद घालतात: जालन्याच्या उन्हाळ्यात जुन्या प्लेस्टेशन ४चा पंखा एवढा का घोंघावतो, जाळीत धूळ किती साचते, नवं यंत्र घ्यावं की कॉम्प्युटरच बरा. आम्हाला हा वाद मोलाचा वाटतो, म्हणून या अंकात त्याला पानं दिली आहेत.

कोणत्या यंत्रावर कोणता खेळ आधी येतो, हाही याच वादाचा एक धागा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचंच बघा. २०१७ साली लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा व्हिडिओ गेम त्यांनी तडीस नेला. ऑगस्ट २०२०मध्ये तो आधी आला निन्टेन्डो स्विचवर, आणि ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, कॉम्प्युटरवाल्यांना ऑक्टोबर उजाडला. जगाच्या बाजारात छोट्या स्टुडिओला असे निर्णय घ्यावे लागतात, हे मान्य. पण भावाला शोधायला असुरांशी लढणाऱ्या मुलीची ही आपल्या मातीतली गोष्ट इथल्या पोरांपर्यंत उशिरा पोचली, याची हळहळ वाटतेच. जालन्यात बहुतेकांचा खेळ मोबाइलवरच चालतो. इथल्या स्टुडिओंनी पुढचा खेळ आखताना हा मोबाइलवर खेळणारा खेळाडू आधी लक्षात घ्यावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.