निकोटिनच्या गमला नावं ठेवू नका

२१ वर्षं सिगारेट ओढली. दर लेंटमध्ये सोडायचो, ईस्टरच्या दुपारी पुन्हा पेटवायचो. यंदा डॉक्टरांनी निकोटिनचा गम सुचवला. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा मात्र चिठ्ठीवरच. आधी मी तो च्युइंगमसारखा भराभर चघळला आणि उचक्यांनी बेजार झालो. हळू चावायचा, तोंडात झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा. त्याआधी १५ मिनिटं चहा नाही. आम्हा बेळगावकरांना हेच जड!

परवा उपासनेनंतर एक वडीलधारे म्हणाले, "एक व्यसन सोडून दुसरं धरलंस. प्रार्थना कमी पडली का?" खरं सांगतो, लागलं मनाला. तलफ निकोटिनची असते हे खरं, पण कर्करोग होतो तो धुरातल्या विषांनी. गममध्ये धूर नाही, आणि तोही साधारण १२ आठवड्यांत कमी करत बंद करायचा असतो. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला कुणी असं विचारत नाही. प्रार्थना मीही करतो, गम गालात ठेवून.

मंडळीतले दोघं-तिघं अजून फाटकामागे लपून ओढतात. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत सरकारी क्रमांक चर्चच्या फलकावर लावावा, एवढीच पाळकसाहेबांना विनंती.

— एक वाचक, बेळगाव